भाताच्या खाचरातलं गाजर

मागे मी आपल्या पानावर एका गाजराचा फोटो टाकला होता, तीन पाय फुटलेलं. खाली सगळे हसले. एकाने तर विचारलं, दादा, हे गाजर आहे का खेकडा? हसा बिनधास्त. पण त्याला पाय का फुटले ते शोधताना मी आपल्या खाचराच्या आणि गाजराच्या जुन्या गोष्टीत शिरलो. तेच आज लिहितो. जरा लांब आहे, चहा घेऊन बसा.

आमचं वळ गाव म्हणजे आता बाहेरच्या माणसाला फक्त गोदामं. पण त्या गोदामांखाली भाताची खाचरं होती. माझी चार गुंठे उरलीत, दोन्ही बाजूंना भिंत. भात तेवढ्यात परवडत नाही म्हणून विहिरीच्या पाण्यावर भाजी करायची ठरवली. मुलगा म्हणतो, भराव टाका आणि गाड्या लावायला भाड्याने द्या. मी त्याच्याकडून दोन हिवाळे मागून घेतलेत. एक गेला, त्यातलंच ते खेकडा गाजर.

फोटो टाकल्यावर मी पहार घेऊन वाफ्यात गेलो. वरची वीतभर माती मऊ, लोण्यासारखी. त्याखाली पहार ठण्ण वाजली. वाटलं दगड आहे. दोन हात बाजूला मारली, तिथेही ठण्ण. सगळ्या वाफ्याखाली पाटच होता. दगडाचा नाही, मातीचाच.

हा पाट आपल्याच वाडवडिलांनी केलेला आहे. भाताला पाणी उभं राहिलं पाहिजे. म्हणून दर आषाढात पाणी भरून नांगर फिरवायचा, चिखलणी करायची, बैलांनी आणि माणसांनी तुडवायचं. मातीचे बारीक कण खाली बसतात, वरून खूर पडतात आणि नांगराच्या फाळाखाली थर घट्ट होत जातो. एका वर्षात होत नाही, पिढ्या लागतात. चांगल्या खाचराची किंमतच त्यावर ठरायची, कोणाचं पाणी किती दिवस टिकतं. आपली माती काळ्या कातळाची, म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याची. चिकण जास्त. ओली असली की फुगते, वाळली की भेगाळते. भातानंतर आपण वाल, हरभरा टाकायचो, तो याच ओलीवर यायचा. वालाला भेग सापडली की मूळ वाट काढतं. गाजराला ते जमत नाही.

कारण गाजर उगवलं की पहिल्या तीन-चार आठवड्यांत आधी खाली धावतं, सुतासारखं बारीक मूळ. लांबी तेव्हाच ठरते, जाडी मागाहून भरते. त्या धावण्यात टोक कशावर आपटून मेलं की बाजूची मुळं सोंडेसारखी जाड होतात. तोच खेकडा. म्हणून तर गाजराचं रोप उपटून लावत नाहीत, बी जागेवरच टाकतात. माझ्याकडे पाट होता, शिवाय शेजारच्या भरावातून पावसाने वाहून आलेली खडी आणि डबर. वर मी शहाण्यासारखं अर्धकच्चं शेण घातलं, त्यानेही गाजर फाटतं. तिन्ही चुका एकाच वाफ्यात.

आता गाजराकडची बाजू. हे पीक मूळचं अफगाणिस्तान-इराणकडचं, आणि तेव्हा ते जांभळं नाहीतर पिवळं होतं. नारिंगी गाजर हॉलंडमध्ये सोळाव्या-सतराव्या शतकात पुढे आलं. तिथल्या राजघराण्याच्या मानासाठी तो रंग काढला असं सांगतात, त्याला पुरावा नाही. मला रंगापेक्षा आकाराचं नवल वाटलं. फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकात बियाणेवाल्यांनी आणि भाजीवाल्या शेतकऱ्यांनी जमिनीप्रमाणे गाजर वेगळं काढलं. नांत शहराच्या नावाचं गाजर सरळ, बोथट टोकाचं, त्याला हलकी रेताड माती लागते. त्याच शहराला तेव्हा लागून असलेल्या शांतने गावाच्या नावाचं गाजर आखूड, खांद्याला रुंद, भारी जमिनीतही चालणारं. त्याच भागातलं आणखी एक इतकं जाड की त्याला 'बैलाचं काळीज' म्हणतात. आणि पॅरिसच्या बाजारासाठी एक अगदी गोल, मोठ्या बोराएवढं, उथळ जमिनीचं. म्हणजे तिथल्या लोकांनी जमीन बदलायचा हट्ट एका हद्दीपर्यंतच केला, पुढे बियाणं बदललं.

आपल्याकडे इंग्रजांबरोबर विलायती भाज्या थंड हवेच्या ठिकाणी गेल्या. महाबळेश्वरला 1834 च्या सुमारास चिनी आणि मलायी कैद्यांचा तुरुंग होता. इंग्रजांना लागणारा भाजीपाला आणि बटाटा ते कैदी पिकवायचे. 1864 मध्ये तुरुंग मोडला, भाजीपाला राहिला. आजही तिथल्या बाजारात पाल्यासकट गाजराच्या जुड्या मिळतात. तिथली जांभ्याची लाल माती पाणी धरून ठेवत नाही, आपल्या खाचराच्या बरोब्बर उलट.

विलायती गाजराची एक अडचण आहे. बी धरायला त्याला कडक थंडी लागते, सपाटीवर ते बी देत नाही. आपलं देशी लाल गाजर देतं. दिल्लीच्या पुसा संस्थेने देशी लाल आणि नांत यांचा संकर करून 'पुसा केसर' काढलं, ते सपाटीवर बी देतं. आणि गुजरातेत जुनागढ जवळच्या खामध्रोळचे वल्लभभाई मारवणिया, शाळा पाचवीपर्यंत, यांनी 1943 पासून गाजराची शेती धरली. तेव्हा त्या भागात गाजर ढोरांना घालायचे. त्यांनी ते माणसांच्या बाजारात नेलं, आणि चांगली गाजरं निवडून त्यांचंच बी धरत 'मधुबन' वाण उभा केला. 2019 साली पद्मश्री मिळाली. मी दहावी पास, म्हणजे त्यांच्यापुढे पाच यत्ता आहे, आणि अजून खेकडेच काढतोय.

यंदा मी पाट फोडला नाही. फोडला तर खालचा पांढुरका थर वर येतो, आणि पुढे कोणाला परत भात करायचा झाला तर पाणी थांबणार नाही. वरच्या मातीचेच फूटभर उंच गादीवाफे केले. माती वाळू चाळायच्या चाळणीतून काढली, घमेलं घमेलं करून. बायको म्हणाली, लग्नाच्या तांदळाला एवढं निवडलं नव्हतं. त्यात दोन वर्षं कुजलेलं खत आणि गिरणीतला तूस मिसळला. आखूड जातीचं बी अर्धा इंच खोल टाकलं, वर माती न टाकता चाळलेलं खत भुरभुरवलं, नाहीतर चिकणमातीची पापडी धरते आणि कोंब खालीच मरतो. उगवायला चौदा दिवस लागले. गोणपाट ओलं करून झाकलं होतं, कोंब दिसताच काढलं. मग दोन-अडीच बोटांवर विरळणी.

परवा कडेची सहा उपटली. चार सरळ, वीतभर नाही पण आखूड जातीच्या मानाने पुरी. एकाला दोन पाय. एक उंदराने खाल्लेलं. मुलाने सरळवालं हातात घेऊन बघितलं, काही बोलला नाही, पुसून खाल्लं. बाकी वाफा पुढच्या अमावास्येनंतर काढणार. कृषी सहायक साहेबांपैकी कोणाला आमच्या बाजूला आखूड जातीचा अनुभव असेल तर खाली लिहा, बी कुठून आणलं तेही लिहा.