सौरऊर्जा आणि प्रादेशिक वीजसुरक्षा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

सौरऊर्जा हा अगदी अलीकडचा विषय आहे, असा सर्वसाधारण समज आढळतो. वस्तुतः तिच्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण एकोणिसाव्या शतकात मुंबईत घडले. विल्यम ॲडम्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1878 मध्ये येथेच ‘सोलर हीट’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. सपाट आरशांनी बॉयलरवर ऊन एकवटून त्याने अडीच अश्वशक्तीचे वाफेचे इंजिन चालवून दाखवले. लाकूड महाग, कोळसा बाहेरून आणावा लागणारा. ऊन मात्र उष्ण प्रदेशात जागेवरच मिळते, हे त्याचे प्रतिपादन होते. म्हणजेच या चर्चेच्या मुळाशी यंत्राइतकाच इंधनाच्या परावलंबनाचा प्रश्न होता.

हे परावलंबन आजही संपलेले नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये देशातील औष्णिक वीजकेंद्रांकडे सरासरी चार दिवसांइतकाच कोळसा उरला होता. खाण किंवा रेल्वे अडली की दूरची शहरे अंधारात जाण्याची भीती असते. उन्हाला वाहतूक लागत नाही.

1954 मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा सौरघट सादर केला. भारतात राष्ट्रीय सौर अभियान 2010 मध्ये सुरू झाले. त्यानंतर आपल्या परिसरातही मोठे प्रकल्प उभे राहिले. वडोदऱ्याजवळ नर्मदा कालव्यावर 10 मेगावॅटचे सौरपट बसवले गेले. त्यामुळे जमीन वाचली. मध्य प्रदेशातील रीवा येथील 750 मेगावॅटच्या प्रकल्पासाठी 2017 च्या लिलावात पहिल्या वर्षाचा दर प्रतियुनिट 2 रुपये 97 पैसे ठरला. तेथील वीज दिल्ली मेट्रोलाही मिळते.

तथापि, ॲडम्सचे इंजिन सूर्यास्ताला थांबत असे आणि ती मर्यादा सौरपटांनाही आहे. घराघरांत दिवे लागतात, नेमके तेव्हाच उत्पादन शून्यावर येते. म्हणून साठवणूक हाच कळीचा मुद्दा ठरतो. गुजरातमधील मोढेरा गावासाठी 2022 मध्ये सौरप्रकल्पाला बॅटरीची जोड देण्यात आली. सह्याद्रीतील घाटघर येथे मागणी कमी असताना पाणी वर चढवून गरजेच्या वेळी वीज निर्माण करतात. दुपारच्या सौरविजेसाठीही हे तंत्र उपयुक्त आहे.

सारांश, सौरपटांची क्षमता मेगावॅटमध्ये मोजली जाते, परंतु प्रदेशाची वीजसुरक्षा सूर्यास्तानंतरच्या चार-पाच तासांत पारखली जाते. हा विषय शिकवताना अध्यापकांनी हे दोन्ही निकष विद्यार्थ्यांसमोर एकत्र ठेवावेत.