शब्दवेध : पडदा

अलोरे गावातल्या घराच्या अंगणात दोरीवर वाळत घातलेले पांढरे धोतर वाऱ्याने फुगले, की मला ‘पडदा’ हा शब्द आठवतो. फारसी ‘पर्दा’ म्हणजे आडोसा करणारे वस्त्र. जनानखान्याच्या दारापासून रंगभूमीपर्यंत या शब्दाने इमानेइतबारे झाकण्याचीच चाकरी बजावली. परंतु कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास, हाताने रंगविलेल्या काचा दिव्यापुढे सरकवून, कापडावर हलती चित्रे दाखविली, आणि पुढे फिरत्या सिनेमावाल्यांनी तंबू, यंत्र व गुंडाळलेले कापड बैलगाडीवर लादून गावोगाव मुक्काम ठोकले, तेव्हा त्या वस्त्राचा धर्मच पालटला : जे झाकीत होते, ते दाखवू लागले. पटवर्धनांनी आपल्या खेळास ‘शांबरिक खरोलिका’ म्हटले, ते नाव मला फार मोलाचे वाटते. शंबर हा मायावी असुर, म्हणून शांबरी म्हणजे माया. संस्कृत ‘पट’ म्हणजेही कापडच, तेव्हा ‘चित्रपट’ या शब्दात तो पडदा अद्याप ताणलेला आहे. तंबूतले खेळ पाहिलेली वडीलधारी माणसे ज्यांच्या घरी आहेत, त्यांनी कनातीपासून गॅसबत्तीपर्यंतचे त्या वेळचे शब्द त्यांच्याकडून अवश्य टिपून ठेवावेत.