डावा हात कुणाचा?

दिवाळीत वर्ध्याला घरी गेलो होतो. पहिलीतली भाची रडवेली होऊन वही घेऊन आली. चित्रात आपल्याकडे तोंड करून उभा असलेला मुलगा आणि प्रश्न, 'चेंडू मुलाच्या कोणत्या हातात आहे?' तिने लिहिलं होतं 'उजव्या'. त्यावर लाल फुली!

"पण मामा, चेंडू माझ्या उजव्या बाजूलाच आहे ना?"

खरं सांगतो, दिवसभर ग्राफिक्सच्या कोडमध्ये को-ऑर्डिनेट्स फिरवणाऱ्या मलाही क्षणभर स्वतःचा हात वर करून बघावा लागला.

आजीने मला माळ्यावरून टकळी काढायला लावली. तोंडाची टकळी आपण सगळेच चालवतो, ही हातातली. आजी लहानपणी शाळेतच कातायला शिकली. ती भाचीच्या शेजारी बसली, समोर नाही. समोर बसलं की आजीचा उजवा हात भाचीच्या डाव्या बाजूला येणार! उजव्या हाताने गिरकी, डाव्या हातात पेळू. मध्येच गिरकी उलटी दिली की पीळ सुटतो आणि सूत तुटतं. चूक दाखवायला लाल पेन लागतच नाही.

ही पद्धत तर आमच्या गावचीच. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. मग डॉ. झाकिर हुसेन समितीने ७ ते १४ वयाच्या मुलांसाठी आराखडा केला: मातृभाषेतून शिक्षण आणि मध्यभागी हस्तोद्योग. सेवाग्रामला आर्यनायकम दांपत्याने ही 'नई तालीम' चालवली. ४ फुटांचा एक तार, १६० तारांची लटी, ४ लट्यांची गुंडी. झाला गुणाकार! आणि मागावर ताणा उभा, बाणा आडवा, म्हणजे आपले वाय आणि एक्स अक्षच की.

मुलांच्या कामातून शाळेचा खर्च निघावा, या कल्पनेला प्रा. के. टी. शहांनी परिषदेतच विरोध केला होता. मला तो पटतो. शाळा चालवणं हे मुलांचं काम नव्हे. पण खर्चाचा हिशेब बाजूला ठेवताना आपण गणितातून हातही काढून टाकले, ते मात्र चुकलं.

असो. भाची आता उत्तर देण्याआधी विचारते, "कुणाचा डावा? माझा की त्याचा?"

आमच्या टीममधले अर्धे बग हा प्रश्न न विचारल्यामुळेच येतात.