वाकियानवीस ते वाकनीस : बातमी लिहिणाऱ्यावर नजर कोणाची?

'वाकनीस' हे आडनाव मराठी घरांत आजही आढळते. शब्दाचे मूळ वाकियानवीस. वाकिया म्हणजे घडलेली गोष्ट, नवीस म्हणजे लिहिणारा. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत दत्ताजी त्रिंबक यांच्याकडे असलेले मंत्रिपद म्हणजे हेच वाकनिशीचे काम. मुघलांना नुसते परके ठरवून मोकळे होणाऱ्यांनी आपल्या दप्तरातले शब्द एकदा तपासावेत.

१५९६ मध्ये वऱ्हाड मुघलांकडे गेले आणि एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, सुभ्याचे ठाणे झाले. आम्हा वरूडकरांना ते गाव काही परके नाही. तीन वर्षांनी, १५९९ मध्ये, खुद्द अबुल फझल दख्खनेत आला. त्याच्या 'आईन-ए-अकबरी'त वाकियानवीसांवर स्वतंत्र प्रकरण आहे आणि ते एखाद्या सरकारी खात्याच्या नियमावलीसारखे वाचता येते. चौदा अनुभवी, निःपक्ष लेखनिक नेमलेले. रोज दोघांची पाळी, म्हणजे एकाची पाळी पंधरवड्याने. कोणी अडकला तर त्याच्या जागी बसायला राखीव माणसे, त्यांना 'कोतल' म्हणत. रोजनिशी आधी दुसरा अधिकारी तपासे, मग ती बादशहापुढे जाई. मंजूर झाल्यावर तिच्या नकलेवर लेखनिकाची सही, शिवाय परवानची, मीर अर्ज आणि ती सादर करणारा यांच्याही सह्या. तेव्हा कुठे त्या कागदाला 'याददाश्त' म्हणत. एका माणसाच्या शब्दावर काही चालू द्यायचे नाही, हा त्यामागचा हिशेब.

खरी अडचण सुभ्यात होती. वाकियानवीस सुभेदाराच्या दरबारात उघडपणे बसे. सगळे त्याला ओळखत, त्यामुळे त्याला फितवणे किंवा धमकावणेही सोपे. म्हणून त्याच्यावर सवानेहनिगार आला, गुपचूप लिहिणारा खुफियानवीस आला, शिवाय हरकारे होतेच. हे सगळे कागद डाकचौकीच्या दारोग्यामार्फत दरबारात पोचत. औरंगजेबाच्या काळात रात्री नऊच्या सुमारास महालातल्या स्त्रिया ही पत्रे त्याला वाचून दाखवत, असे मनुचीने लिहिले आहे. चौघांची बातमी जुळली नाही की चौकशी. बादशहा दिल्लीपासून दूर दख्खनेत राहूनही राज्य चालवू शकला, त्यात या कागदांचा वाटा मोठा होता.

या माणसांना शिकवत कोण? वेगळी अकादमी नव्हती. शाहजहानचा मुन्शी चंद्रभान ब्राह्मण याचे मुलाला लिहिलेले पत्र यासाठी वाचण्यासारखे आहे. हस्ताक्षर, हिशेब, मसुदा यांच्याबरोबर अखलाक-ए-नासिरी, गुलिस्तान, बोस्तान वाच, असे तो सांगतो. म्हणजे लेखनिकाला नीतिशास्त्रही लागत होते. आणि हा शिकवणारा बाप हिंदू, हेही ध्यानात ठेवा.

१८०३ मध्ये हीच हरकारा पद्धत इंग्रजांनी वापरली. वेलस्लीला बातमी मिळाली की मराठ्यांची फौज भोकरदनला आहे. भोकरदन हे गावही आणि परगणाही. हरकाऱ्यांनी परगण्याचे नाव सांगितले, साहेब गाव समजला, आणि २३ सप्टेंबरला असईला अख्खी फौज अचानक समोर उभी! लढाई तो जिंकला, पण माणसे फार गमावली. माझ्या मते यात हरकाऱ्यांपेक्षा विचारणाऱ्याची चूक जास्त होती. त्या मोहिमेत त्याने बातमीची वेगवेगळी खाती ठेवली होती, प्रत्येकाचा प्रमुख थेट त्याच्याशी बोले. त्यातले एक तरुण एल्फिन्स्टनकडे होते. पुढे नोव्हेंबरात अडगाव आणि डिसेंबरात गाविलगड, दोन्ही आपल्याच वऱ्हाडात, इंग्रजांनी जिंकले.

आजच्या इंटेलिजन्स ब्युरोचा उगम १८८७ चा. मुंबईवरच्या २६/११ हल्ल्यानंतर राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांच्या समितीने चौकशी केली. इशारे आधीच आले होते, पण त्यांची नीट छाननी झाली नव्हती, हे त्यातून पुढे आले. म्हणजे कागद होते, पण चार कागद शेजारी ठेवून वाचणारा नव्हता. आणि चुकीचा अहवाल तपासला गेला नाही तर काय होते, हे आमच्या समाजाला सांगावे लागत नाही. संशयाखाली धरलेला तरुण वर्षांनी सुटतो, पण अहवाल लिहिणाऱ्याला कोणी विचारत नाही. गुप्तचर संस्थांना कायद्याच्या आणि संसदेच्या देखरेखीखाली आणणारे खासगी विधेयक मनीष तिवारी यांनी २०११ मध्ये लोकसभेत मांडले होते. ते मंजूर झाले नाही. ब्युरोचा स्वतःचा कायदा अजून नाही.