'तुका म्हणे'ची वंशावळ

तुकोबांचा अभंग शेवटच्या चरणांशी आला, की 'तुका म्हणे' हे दोन शब्द इतक्या सहजतेने उमटतात, की ते त्यांच्याच मुखातून प्रथम निघाले असावेत असा आपला ग्रह होतो. वस्तुतः हे वतन त्यांना वारशाने मिळाले असून त्याची सनदही त्यांनीच सांगून ठेवली आहे. नामदेव पांडुरंगासह स्वप्नात आले आणि आपले अपुरे कवित्व पुरे करण्याची त्यांनी आज्ञा केली, अशी तुकोबांची साक्ष आहे. 'नामा म्हणे' हा साचाही मग त्या आज्ञेबरोबरच आला म्हणावयाचा. अक्षरेदेखील चारच! धाकट्या अभंगाच्या आठ अक्षरी चरणाचा निम्मा भाग ती व्यापतात. थोरल्याच्या सहा अक्षरी चरणात कवीच्या हाती उरतात अवघी दोन.

पण नामदेवांच्या मागे कोण? फारसी गझलेच्या तखल्लुसाकडे बोट दाखविण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरलेला बरा. कारण १२व्या शतकातील जयदेवाने गीतगोविंदाच्या पदांत आपले नाव आधीच गोवलेले आहे, आणि हरप्रसाद शास्त्री यांना १९०७ साली नेपाळात गवसलेल्या चर्यापदांतील बौद्ध सिद्धही अखेरीस स्वतःचे नाव घेतात. कर्नाटकाची रीत निराळी. तेथे बसवण्णांच्या वचनाखाली कूडलसंगमदेव, तर अक्कमहादेवींच्या वचनाखाली चेन्नमल्लिकार्जुन. शिक्का देवाचा, भक्ताचा नव्हे. ज्ञानेश्वरांची 'बापरखुमादेवीवरु' ही मुद्रा मला याच घराण्यातली वाटते, आणि ज्या विठ्ठलाला संत 'कानडा' म्हणतात त्याच्या दारी यात नवल ते कसले? एकनाथांनी 'एका जनार्दनीं' म्हणत आपल्या नावाशेजारी गुरूला बसविले.

शिवकालीन पत्राच्या अखेरीस मोर्तब होई, ते लेखनाची सीमा तेथे संपली हे दाखविण्यासाठी. त्याखाली कोणी ओळ घुसडू नये हा हेतू. संतांच्या मुद्रेवर असला पहारा कधीच नव्हता, म्हणूनच १६व्या शतकातील विष्णुदास नाम्याची रचना नामदेवांच्या गाथेत मिसळली आणि संशोधकांना निवडानिवड करीत बसावे लागले. मुद्रा ही मालकीची खूण समजणाऱ्याला हा गैरव्यवहार वाटेल. मला ती नात्याची खूण वाटते. जनाबाई स्वतःला नामयाची दासी म्हणवते; आणि तुकोबांचे धाकटे बंधू कान्होबा अभंग रचतात तेव्हा त्यांची मुद्रा असते 'तुकयाबंधु म्हणे'. कान्होबा हे नाव तिच्यात नाही.