बॅटरीवरचा फवारणी पंप : सुरक्षित वापर

बॅटरीवरचा फवारणी पंप : पिकावर कीटकनाशक, बुरशीनाशक, तणनाशक किंवा विद्राव्य खत फवारण्यासाठी पाठीवर घ्यायचे उपकरण. बोलीभाषेत ‘बॅटरी पंप’ किंवा ‘चार्जिंगचा पंप’. टाकी बहुधा १६ ते २० लिटरची असते. भरलेला पंप बॅटरीसकट वीस किलोच्या पुढे जातो, म्हणून तो ओट्यावर किंवा बांधावर ठेवून पाठीवर घ्यावा. जमिनीवरून हिसक्याने उचलू नये. कापूस, सोयाबीन, तूर आणि भाजीपाल्याच्या पट्ट्यांत या पंपाने दांड्याच्या हातपंपाला बऱ्याच प्रमाणात मागे टाकले आहे. महाराष्ट्र शासनानेही कापूस-सोयाबीन उत्पादकांसाठीच्या योजनेतून २०२४ मध्ये असे पंप अनुदानावर दिले.

हातपंपात एक हात सतत दांडा मारत असे. तो हात भरून आला की माणूस थांबे, सावलीला बसे, पाणी पिई. बॅटरीने ते कष्ट वाचवले, ही मोठीच सोय झाली. मात्र कष्टाबरोबर ती सक्तीची विश्रांतीही गेली. आता बॅटरी उतरेपर्यंत टाकीमागून टाकी मारता येते आणि माणूस तेवढा वेळ विषाच्या तुषारात राहतो. या उपकरणाच्या सुरक्षिततेचा विचार म्हणूनच बॅटरीपाशी सुरू झाला, तरी तिथे थांबून चालत नाही.

रचना : टाकीच्या तळाच्या कप्प्यात बॅटरी आणि रबरी पडद्याचा छोटा मोटरपंप असतो. दोन मोटरींचा पंप ‘डबल मोटर’ म्हणून विकला जातो. गनचा खटका सोडला की नळीत दाब वाढतो आणि दाबावर चालणारा स्विच मोटर बंद करतो. त्यामुळे मोटरीचा आवाज थांबला म्हणजे पंप बंद झाला असे होत नाही. खटक्याला धक्का लागताच फवारा पुन्हा सुटतो. नोझल तुंबले, तर आधी मुख्य बटण बंद करावे, मग खटका दाबून नळीतला उरलेला दाब सोडावा आणि त्यानंतरच नोझल खोलावे. ते जुन्या दातब्रशने व पाण्याने साफ करावे. तोंडाने फुंकर मारून नोझल मोकळे करण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते. असे करणे म्हणजे विष थेट ओठांना लावणे आहे.

बॅटरी आणि चार्जर : स्वस्त व प्रचलित पंपांत १२ व्होल्ट, ८ किंवा १२ अँपिअर-तासांची बंदिस्त शिसे-आम्ल बॅटरी असते. १२ व्होल्टचा झटका सहसा जाणवत नाही, म्हणून ती निरुपद्रवी वाटते. पण तिची दोन टोके पान्याने किंवा तारेने जोडली गेली, तर इतका प्रवाह वाहतो की तार क्षणात लाल होते. फ्यूज उडाल्यावर तिथे तांब्याची तार गुंडाळून काम भागवणे याच कारणाने धोक्याचे आहे; त्याच अँपिअरचा फ्यूज घालावा. टाकीची गळती थेट बॅटरीच्या कप्प्यात उतरते, टोके गंजतात आणि तिथे ठिणगी पडू लागते. वायसर खराब झाला असेल, तर तो बदलल्याशिवाय पंप वापरू नये.

खरा विजेचा धोका चार्जरच्या २३० व्होल्टच्या बाजूला आहे. शेतावरून आल्यावर ओल्या हाताने, ओला पंपच प्लगला लावला जातो. पंप आधी धुऊन, कोरडा करून मग चार्जिंगला ठेवावा. शिसे-आम्ल बॅटरी गरजेपेक्षा जास्त चार्ज झाली, तर हायड्रोजन वायू सुटतो आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की तो पेट घेऊ शकतो. हवेशीर पडवी ही चार्जिंगची योग्य जागा. स्वयंपाकघर, धान्याची खोली किंवा मुले झोपतात ती खोली टाळावी. तिथे वायूइतकीच पंपाला चिकटलेल्या औषधाचीही भीती असते. ८ अँपिअर-तासांच्या बॅटरीला सोबतच्या चार्जरने साधारण पाच-सहा तास पुरतात. फुगलेली, तडकलेली किंवा चार्ज होताना फार तापणारी बॅटरी पुन्हा वापरू नये. आम्ल सांडले, तर त्यावर खाण्याचा सोडा टाकावा. डोळ्यात गेले, तर किमान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुवावा आणि दवाखाना गाठावा.

अलीकडे हलकी म्हणून लिथियम बॅटरी लोकप्रिय होत आहे. येथे चार्जरची गल्लत सर्वांत महागात पडते. तीन सेलच्या लिथियम-आयन पॅकला जास्तीत जास्त १२.६ व्होल्ट चालतात, तर शिसे-आम्ल बॅटरीचा चार्जर १४.४ व्होल्टच्या आसपास जातो. संरक्षक सर्किट नसेल, तर प्रत्येक सेलवर ४.२ ऐवजी ४.८ व्होल्ट येतात. आतली उष्णता स्वतःच वाढत जाते आणि पॅक पेट घेतो. जुन्या लॅपटॉपचे सेल जोडून घरी बनवलेला पॅक पंपात बसवण्याचे धाडस कोणी करू नये. बॅटरीचा प्रकार बदलला की चार्जरही त्याच प्रकारचा घ्यावा.

फवारणी : नोझल तेच असेल, तर दाब वाढताच थेंब बारीक होतात. बारीक थेंब पानावर चांगला पसरतो, पण वाऱ्याबरोबर अंगावरही येतो. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. कापूस माणसाच्या उंचीला पोहोचला होता आणि फवारा नाकातोंडाच्या पातळीवर मारावा लागत होता. दमट हवा, औषधांची मनमानी मिश्रणे, संरक्षक कपड्यांचा अभाव यांच्याबरोबर ताकदवान पंपांचीही तेव्हा चर्चा झाली. पंपाला एकट्याला दोषी धरणे योग्य नाही. मात्र उंच पिकात पूर्ण दाबाने फवारू नये, हा धडा त्यातून घ्यायलाच हवा. दाब कमी करण्याची कळ असेल, तर ती वापरावी.

सकाळी किंवा संध्याकाळी, वारा मंद असताना फवारावे. वाऱ्याकडे तोंड करून फवारू नये आणि फवारलेल्या ओळींत पुन्हा शिरू नये. हातमोजे, मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बूट हे मालकाइतकेच मजुरालाही मिळाले पाहिजेत. ते पुरवणे ही काम देणाऱ्याची जबाबदारी आहे. फवारणी चालू असताना खर्रा, तंबाखू, विडी किंवा भाकरी हातात घेऊ नये. एका माणसाने दिवसभर फवारू नये, पाळी बदलावी. औषधाच्या डब्यावरील त्रिकोणाचा रंग पाहावा : लाल अतितीव्र विषारी, त्यानंतर उतरत्या क्रमाने पिवळा, निळा व हिरवा.

मळमळ, डोकेदुखी, अंधुक दिसणे, लाळ किंवा घाम सुटणे ही लक्षणे दिसताच काम थांबवावे. कपडे उतरवून अंग साबणाने धुवावे आणि औषधाच्या डब्यासह रुग्णाला दवाखान्यात न्यावे. डॉक्टरांना उपचार ठरवायला डब्यावरील घटकाचे नाव लागते.

हंगामानंतर : टाकी तीनदा स्वच्छ पाण्याने विसळावी आणि ते पाणी पंप चालवून नळी-नोझलमधूनही काढावे. हे पाणी विहिरीजवळ किंवा ओढ्यात ओतू नये. तणनाशकासाठी शक्यतो वेगळा पंप ठेवावा. शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवावी आणि दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा चार्ज करावी. उतरलेली ठेवली, तर तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि ती निकामी होते. निकामी बॅटरी फोडू, जाळू किंवा उकिरड्यावर टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरून झालेल्या सर्व प्रकारच्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे.