ठासणीची बंदूक आणि सरकारी परवाना

ठासणीची बंदूक म्हटली कीं आपणां शहरवासीयांना जुन्या वाड्याच्या भिंतीवर गंजत पडलेली एखादी वस्तु आठवते. कोंकणांतील शेतकऱ्याच्या घरीं मात्र ती अजूनहि कामाची आहे. नळीच्या तोंडांतून दारू ओतावयाची, गजानें ठासावयाची, वर छर्रे सोडून बोळा दाबावयाचा, कानावर टोपी बसवावयाची, आणि मग चाप ओढावयाचा. एक बार झाला कीं हा सारा खटाटोप पुन्हां पहिल्यापासून! अशा मंदगति शस्त्राला परवाना कशाला, असें कोणी विचारील. त्या प्रश्नाच्या उत्तरांत राज्यकर्ते आणि रयत यांच्यामधील विश्वासाचा इतिहास सांठविलेला आहे.

१८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारनें लोकांना निःशस्त्र करण्याचें धोरण धरलें, आणि १८७८ मध्यें लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दींत शस्त्रांचा कायदा झाला. देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाहि त्याच वर्षाचा. परवान्यावांचून बंदूक बाळगणें गुन्हा ठरलें. युरोपियनांना मात्र त्यांतून सूट होती. लोकांच्या मनांतील खरा सल हाच होता. बंदूक धोक्याची कीं निरुपद्रवी, हें तिच्या रचनेवरून न ठरतां ती धरणाऱ्याच्या वंशावरून ठरत होतें! म्हणूनच १८८७ सालीं मद्रासच्या अधिवेशनांत काँग्रेसनें या कायद्यांत बदल मागितला. नियमांतील हा वंशभेद पहिल्या महायुद्धानंतर दूर झाला.

इंग्रजी अमलांत एका हिंदी समाजावर मात्र असा विश्वास दाखविला गेला. कुर्गमधील कोडवा लोकांना त्या काळींच परवान्याच्या अटींतून सूट मिळाली. त्यांच्या सणांत बंदुकीची पूजा होते. स्वतंत्र भारताच्या सरकारनेंहि ती सूट चालू ठेविली, आणि २०१९ सालीं तिची मुदत २०२९ पर्यंत वाढविली.

स्वराज्यांत १९५९ सालीं नवा कायदा झाला, व १९६२ मध्यें तो अमलांत आला. त्याच्या तेराव्या कलमांत ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. पिकाच्या रक्षणासाठीं ती खरोखरीच हवी असेल, तर परवाना द्यावा, अशी त्या कलमाची भाषा आहे. चौदावें कलम नकाराचीं कारणें सांगतें; पण अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाहीं, एवढ्याच सबबीवर परवाना नाकारतां येत नाहीं, असेंहि तेंच बजावतें. गरीब शेतकऱ्याच्या दृष्टीनें हें एक वाक्य फार मोलाचें आहे.

तथापि बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीस मनाई केली. रानडुकरांनीं एका रात्रींत भाताचें शेत उधळलें, तरी त्यांवर बार टाकण्यास वनाधिकाऱ्याची वेगळी परवानगी लागते. शिवाय निवडणूक आली कीं अनेक ठिकाणीं या बंदुका पोलीस ठाण्यांत जमा कराव्या लागतात, मग शेत पिकावर आलेलें असो वा नसो.

वनांतील प्राण्यांचें रक्षण व्हावें, निवडणुकांत शांतता राहावी, हें कोणास अमान्य नाहीं. पण १९५९ च्या कायद्यानें शेतकऱ्यावर जो विश्वास शब्दांत टाकला, तो कचेरीच्या खिडकीशींहि त्याच्या अनुभवास आला पाहिजे. तसें न झालें, तर राखणीच्या माळ्यावर रात्र जागणाऱ्या त्या माणसाला १८७८ आणि आज यांतील फरक आपण कोणत्या तोंडानें सांगावा?